लोखंडी दीपमाळेची हकिकत



आपल्या मंदिराच्या सभामंडपात, वीणेच्या खुंटीजवळ, आता एक लोखंडी दीपमाळ उभी आहे. उंची साडेचार फूट, दिवे सात, रंग काळा. नवीन माणूस दर्शनाला आला की दोन गोष्टी हमखास विचारतो. एक, "पितळेची का नाही केली?" आणि दुसरी, "देणगीदारांच्या नावाची पाटी कुठंय?" शताब्दीच्या या अंकात दोन्हींचं उत्तर लिहून ठेवावं असं सगळ्या माळकऱ्यांचं म्हणणं पडलं. पुढच्या पिढीला कुणी सांगणारं उरलं नाही तर निदान कागद तरी असावा.

शताब्दीची पहिली बैठक भरली तेव्हा विषय सोपा वाटला होता. शंभर वर्षांत दिंडीतले जे वारकरी वैकुंठवासी झाले त्यांची आठवण म्हणून संगमरवरी पाटी बसवायची, त्यावर नावं कोरायची आणि अनावरण करायचं. जुन्या वह्या काढल्या. वहीत विणेकरी होते, चोपदार होते, पंगत देणारे होते, कुणी किती पायली ज्वारी दिली तेही होतं. पण नावं वाचता वाचता आमच्यातल्याच एका म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "आन् गाडीची धाव बशिवणाराचं नाव कुठंय वो? त्याच्याबगर तुमची गाडी शिवेच्या भाईर तरी गेली असती का?"

वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. लोहाराचं नाव एकदाही नव्हतं. एका ठिकाणी फक्त एवढंच लिहिलेलं सापडलं : "धाव बसवणे, लोहार, ज्वारी 2 पायली." माणसाचं नाव नाही, नुसता धंदा. आम्हा सगळ्यांना त्या दिवशी खाली बघावं लागलं.

धाव म्हणजे काय हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. बैलगाडीचं चाक लाकडाचं असे आणि त्यावर लोखंडाचं कडं चढवलेलं असे. ते कडं चाकापेक्षा जरा लहान करतात. मग गोवऱ्यांचा जाळ करून लालबुंद तापवतात, म्हणजे ते फुगतं. दोघा-तिघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आवळतं, आरे तुंबात घट्ट बसतात आणि चाक एकजीव होतं. जाळ कमी पडला तर कडं बसत नाही, जास्त झाला तर चाकच जळतं. सगळा खेळ दोन-चार क्षणांचा आणि लोहाराच्या नजरेचा.

आपली दिंडी सुरू झाली तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि पंढरपूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, सोलापूर जिल्ह्यात. म्हणजे आपले वाडवडील वारीला जाताना एक राज्य ओलांडून दुसऱ्या राज्यात जात. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आलं तोवर हे असंच होतं. रस्ते म्हणजे फुपाटा आणि गोटे. बालाघाटाचा उतार उतरताना धाव निखळली की गाडी तिथंच बसायची. आपल्या जिल्ह्यातून पैठणच्या नाथांची पालखी रायमोहा-पाटोद्यावरून जाते, मुक्ताईची पालखी बीडमधून जाते, शेगावची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते. या सगळ्या वाटांवरच्या गावांतले लोहार ज्येष्ठ-आषाढात रात्र-रात्र भाता चालवत. दिवसा शेतकऱ्यांची पेरणीची घाई आणि रात्री दिंड्यांच्या गाड्या. बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकणारे नालबंदही तसेच. पालखीपुढच्या माणसाचं नाव राहिलं. चाकाखालच्या माणसाचं राहिलं नाही.

आपला संतमेळा बघा. गोरोबाकाका कुंभार, सावतोबा माळी, नामदेवराय शिंपी, सेना महाराज न्हावी, नरहरी महाराज सोनार. एकेक धंदा देवाच्या दारात नावानं उभा आहे. नरहरी महाराजांनी पांडुरंगाचा करदोडा घडवला ही कथा लहान पोरालाही माहीत असते. लोहाराचं नाव मात्र आपल्या जिभेवर तेवढ्या सहज येत नाही. कीर्तनात लोखंड येतं ते बहुतेक परिसाच्या दृष्टांतात, म्हणजे सोनं होण्यासाठी. पण सोन्याचा फाळ करून कुणी जमीन नांगरली आहे का? पोटापुरतं लोखंड हे लोखंडच राहावं लागतं.

गावगाड्यात लोहाराचा मान मोठा होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गांव-गाडा’ लिहिलं, त्यात बलुतेदारांची सगळी व्यवस्था सांगितली आहे. सुतार आणि लोहार हे पहिल्या ओळीचे, म्हणजे कुणब्याचं ज्यांच्यावाचून पानही हलत नाही असे. खळ्यावर त्यांचा वाटा ठरलेला. गावचा लोहार गावात असे. त्याशिवाय घिसाडी समाजाची पालं उन्हाळ्यात गावाबाहेर पडत. जमिनीत ऐरण रोवायची, बाजूला चामड्याचा भाता. नवरा सांडशीत लोखंड धरून बसलेला आणि बायको उभ्यानं घण घालते आहे, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ‘साधी माणसं’ (1965) या चित्रपटातलं ऐरणीचं गाणं ऐकून आपण डोळे पुसतो, पण पालावरच्या त्या बाईला पाण्याचा तांब्या किती जणांनी नेऊन दिला, हे ज्यानं त्यानं आठवावं.

1972 चा दुष्काळ आठवतो त्यांना खडी फोडण्याची कामं आठवतील. सगळं गाव कामावर. टिकाव, पहार, घण यांची टोकं दगडावर चार दिवसांत बोथट होत. ती शेवटून द्यायला कामावरच भट्टी मांडलेली असे. लोहाराचा भाता थांबला तर शंभर माणसांचं काम थांबायचं. आणि आपल्या जिल्ह्याची आजची ओळख सांगायची तर कोयता. आपल्याकडं ‘एक कोयता’ म्हटलं की नवरा-बायकोची जोडी. दिवाळीच्या आगंमागं गाव रिकामं होतं, पाडव्याच्या सुमाराला भरतं. त्याच पायांनी पुढं वारीही होते. आपल्या दिंडीतले निम्म्याहून जास्त लोक कोयत्यावर जगलेले आहेत, आणि तो कोयता कुणीतरी ऐरणीवर ठोकलेला आहे.

एवढं बोलणं झाल्यावर कुणीतरी म्हटलं, मग पाटीऐवजी लोखंडाचंच काहीतरी घडवून घेऊ. घराघरातलं जुनं लोखंड गोळा करू, गेलेल्या माणसांच्या हातातलं. त्यातून दीपमाळ करू.

लगेच वाद सुरू झाला. जुनी मंडळी म्हणाली, लोखंड हा शनीचा धातू. शनिवारी आपण खिळासुद्धा विकत आणत नाही, आणि ते पांडुरंगासमोर उभं करायचं? देवापुढं सोनं, चांदी, तांबं, पितळ. लोखंड नको. हे म्हणणं काही टाकाऊ नव्हतं. श्रद्धेचा प्रश्न होता. म्हणून आम्ही घाई केली नाही. दोन एकादश्या याच विषयावर बसलो, जाणत्यांना विचारलं, मिळालं ते वाचलं. त्यातून जे कळलं ते थोडक्यात सांगतो.

मेलेल्या माणसाची आठवण धातूत आणि दगडात ठेवण्याची रीत आपल्याकडं फार जुनी आहे. नागपूरकडं जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड या ठिकाणी मोठाल्या दगडांची वर्तुळं आहेत. ती अडीच हजार वर्षांपेक्षाही जुनी दफनं आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथं खोदकाम केलं, तेव्हा माणसांबरोबर पुरलेल्या लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर आणि घोड्यांच्या तोंडातल्या लगामाच्या कड्या मिळाल्या. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. म्हणजे महाराष्ट्रातल्या माणसानं लोखंड हाती धरलं, तेव्हापासूनच ते गेलेल्याच्या सोबतीला दिलं. त्या काळी लोखंड मिळवायला किती कष्ट पडत असतील! तरी चांगली कुऱ्हाड मातीत ठेवली. माया असल्याशिवाय असं कुणी करत नाही.

पुढं वीरगळ आले. गावाच्या वेशीवर, मारुतीजवळ, शेंदूर फासलेले दगड आपण बघतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य. जोवर चंद्र-सूर्य तोवर आठवण. घरात देव्हाऱ्यात चांदीचे टाक असतात. त्यात देवही असतात आणि घरातले पूर्वजही. झिजले की सोनाराकडून उजळून आणतात. म्हणजे पूर्वजाची आठवण धातूवर ठोकून देवाशेजारी ठेवायची ही रीत आपल्या घरातलीच आहे.

आणि दिल्लीला कुतुबमिनाराजवळ जो लोहस्तंभ आहे त्याची गोष्ट तर सभेत वाचून दाखवली. सुमारे 24 फूट उंच, 6 टनांपेक्षा जास्त वजन, वय सोळाशे वर्षांच्या आसपास. तो ओतलेला नाही. लोखंडाचे गोळे तापवून, एकमेकांवर ठोकून, जोडत जोडत घडवलेला आहे. त्यावर ब्राह्मी लिपीत संस्कृत लेख आहे. त्यात चंद्र नावाच्या राजाची कीर्ती सांगितली आहे. बहुतेक अभ्यासक हा राजा म्हणजे दुसरा चंद्रगुप्त असं मानतात. लेखाचा भाव असा की राजा देहानं हे जग सोडून गेला, पण कीर्तीनं इथंच राहिला. म्हणजे तो स्मारकच झाला. आणि त्याच लेखात या खांबाला काय म्हटलं आहे? विष्णूचा ध्वज! विष्णुपद नावाच्या डोंगरावर तो उभारला होता असंही त्यात आहे. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळं वर एक पातळ थर धरला गेला आणि तो खांब उन्हापावसात उभा असूनही गंजून गेला नाही, असं शास्त्रज्ञांनी शोधून काढलं.

सभेत सगळे गप्प झाले. ज्या विष्णूला आपण विटेवर बघतो, त्याचा ध्वज सोळाशे वर्षांमागं लोखंडात घडवला होता. मग आपली साडेचार फुटांची दीपमाळ त्याला कशी चालणार नाही? शंका काढणाऱ्या आजोबांनीच शेवटी म्हटलं, "चालंल. पण त्या खांबावर लोहाराचं नाव हाय का?" नाही. राजाचं आहे, देवाचं आहे, लोहाराचं नाही.

आमच्या भागातल्या एका जुन्या लोहाराकडं आम्ही गेलो. वय सत्तरीच्या पुढं. पूर्वी फाळ-कुळवाच्या पासा करायचे, आता ट्रकच्या कमानीच्या पाट्यांपासून कोयते करतात. पोरगा शहरात वेल्डिंगच्या दुकानात. आम्ही सांगितलं, तात्या, घराघरातून लोखंड आणून देतो, गेलेल्या वारकऱ्यांची आठवण म्हणून दीपमाळ करून द्या. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणा. पर मी सांगंन तेवढंच घ्या. समदं लोखंड समद्याला जुळत नसतंय."

मग गावात लोखंड गोळा करायला निघालो. कुणी फाळ दिला, कुणी खुरपं, कुणी विळा, कुणी मोटेची कडी. दिंडीच्या पहिल्या गाडीच्या धावेचा एक तुकडा गोठ्यात खुंट्याला अडकवलेला सापडला. एका घरी नवऱ्याची कुऱ्हाड मागितली तर मावशी म्हणाल्या, "न्हाई देनार. आजून चालती ती. रोज सरपन फोडते मी." तात्यांना हे सांगितलं तर ते खुश झाले. म्हणाले, "बराबर केलं तिनं. चालतं लोखंड मोडू नये."

एक आई कोयता घेऊन आली. तिचा मुलगा ऊसतोडीवर गेला होता, तिकडंच अपघातात वारला. तेव्हापासून कोयता तिनं फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला होता. कुणाला हात लावू देत नव्हती. तिनं तो तात्यांपुढं ठेवला आणि विचारलं, "ह्याला ठोकनार का?" तात्यांनी कोयता उन्हात धरून बघितला. पात्याच्या पोटाशी धार लावून लावून खोलगट झालं होतं. ते म्हणाले, "न्हाई बाई. ह्याला वाकायची गरज न्हाई. हा हाय तसाच लागंल."

आमच्यातल्या काहींना वाटलं, वारकरी नसलेल्या पोराचा कोयता दिंडीच्या दीपमाळेत कसा? तेव्हा चोखोबांची आठवण काढली गेली. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू होतं, 1338 साली ती भिंत कोसळली आणि कामावरची माणसं गाडली गेली. त्यात चोखोबा होते. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली, असं परंपरा सांगते. पांडुरंगाच्या दाराशी ज्याची समाधी आहे तो माणूस कामावर असताना गेलेला मजूर आहे. आपण दर वारीला तिथं डोकं टेकवतो. एवढं बोलल्यावर पुढं कुणी काही म्हटलं नाही.

काम अकरा दिवस चाललं. आम्ही पाळीपाळीनं भात्याला बसलो. आता भाता नाही, हातानं फिरवायचा पंखा आहे, पण हात तेवढेच भरून येतात. जुनं लोखंड जोडायचं तर ते पांढरं होईपर्यंत तापवावं लागतं. वर टाकणखार टाकायचा, म्हणजे मळ वितळून बाहेर पडतो. मग दोन्ही तुकडे ऐरणीवर एकावर एक ठेवून पटापट ठोकायचे. रंग उतरला की जोड बसत नाही, पुन्हा भट्टीत. तात्या बोलत नव्हते. हातोडीनं जिथं टिचकी मारतील तिथं आम्ही घण घालायचा. पहिल्या दिवशी आमचा घण दोनदा चुकला. तात्यांनी नुसतं बघितलं. त्यांच्या घरच्या काकू मात्र हसून पुढं आल्या, घण आमच्या हातातून घेतला आणि कसा घालायचा ते दाखवलं. चाळीस वर्षं त्याच घण घालत आल्या होत्या.

फाळांची बैठक झाली. धावेच्या तुकड्याचा मधला दांडा. खुरपी आणि विळ्यांच्या पट्ट्यांच्या सात फांद्या आणि त्यांच्या टोकाला सात पणत्या. कोयता वर, शेंड्याला, जसाच्या तसा. त्याचा बाक असा आहे की लांबून पताका वाऱ्यानं वळल्यासारखी दिसते. आम्ही तसं ठरवलं नव्हतं, तात्यांनीही नाही. तो कोयताच तसा होता.

शेवटच्या दिवशी दीपमाळ गरम असतानाच तिच्यावर जवसाचं तेल चोळलं. धूर निघाला आणि लोखंड काळं झालं. तेव्हा आम्ही विचारलं, तात्या, तुमचं आणि काकूंचं नाव कुठं घालायचं? छापील लेखातही घालतो. तात्या म्हणाले, "नाव नगं. छापू बी नगा. दगडाचं कसं असतंय, बशिवला की इसरला. लोखंड तसं नसतंय. वरसातून येकदा तरी हात लावावा लागतोय, न्हाई तर गंजतंय. तुमी वारीला निगायच्या आदल्या दिशी ह्याला तेल लावा. तेल लावनाराला आपसूक इचारावं वाटंल, ही कुनाच्या हातची? तवा सांगा."

म्हणून या लेखात त्यांचं नाव नाही आणि दीपमाळेवर पाटी नाही. दिंडीच्या वहीत मात्र आम्ही दोघांची नावं लिहिली आहेत, पहिल्या पानावर. शंभर वर्षांपूर्वी ज्यानं 2 पायली ज्वारीवर धाव बसवली त्याचं नाव आता कुठंच मिळणार नाही. त्याच्या धावेचा तुकडा दीपमाळेच्या मधोमध आहे, एवढंच आपल्या हातात होतं.

आता रीत अशी ठरली आहे. प्रस्थानाच्या आदल्या संध्याकाळी हरिपाठ झाला की दीपमाळ अंगणात आणायची. ज्या घरांत त्या वर्षी कुणी गेलं असेल त्या घरच्या माणसांनी आधी तिला तेल लावायचं, मग बाकीच्यांनी. पहिल्या वर्षी कोयत्याला तेल लावायला ती आई आली. तिनं फडकं सोबत आणलं होतं, तेच, ज्यात कोयता गुंडाळलेला असायचा. तेल लावून झालं, सात दिवे लागले. ती म्हणाली, "औंदा मी बी येते पंढरीला." आणि आली.

भाविकांना एकच विनंती आहे. दर्शनाला याल तेव्हा दीपमाळेला हात लावायला भिऊ नका. बोटाला थोडं तेल लागेल, थोडी काजळी लागेल. लागू द्या. आणि घरी जाताना वाटेत कुठं भट्टी पेटलेली दिसली, तर क्षणभर थांबून राम राम घाला.

राम कृष्ण हरी.